देवाच्या आधी एक बोट

सावेली करायला तसं काय अवघड नाय. पिकून पिवळं पडलेलं मोठं तवसं घ्यायचं. तवसं म्हणजे काकडीच, पण आमच्याकडची, हातभर लांब. ती किसायची. सुटलेलं पाणी पिळून टाकायचं नाय, त्याच पाण्यात नव्या तांदळाचं पीठ भिजवायचं. गूळ घालायचा, चिमूटभर मीठ. हळदीच्या पानावर थापायचं, पान दुमडायचं, तोपात खाली पेंढा घालून वर पानं रचायची आणि बाफायची. पानाचा वास सुटला की झालं.

अवघड हे, की चाखायचं नाय.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, आम्ही नुसतं बारस म्हणतो. त्या दिवशी आमच्या पाड्यावर वाघदेवाला नवं देतात. नवं तवसं, नवा तांदूळ, नवी चवळी. त्याच्या आधी घरात कुणीच नवं तोंडात घालायचं नाय. वेलीवर तवसं पिकून फुटलं तरी नाय. करणारीनं तर बोटसुद्धा चाटायचं नाय. संध्याकाळी दर घरची सावेली वेशीवरच्या दगडापाशी न्यायची. तिथं भगत बसतो, देवाचं करणारा म्हातारा. तो एकेक पान सोडतो, एक तुकडा देवापुढं ठेवतो, एक स्वतःच्या तोंडात घालतो. सगळा पाडा त्याच्या तोंडाकडं बघत उभा असतो. त्याचं तोंड वाकडं झालं, की अंधार पडायच्या आत सगळ्यांना कळतं कुणाच्या घरचं कडू निघालं.

तवसं कडू निघतं. वरून सोन्यासारखं आणि आतून विष. गूळ घातला तरी जात नाय. आधी गोड लागतं, मग घशाशी गेल्यावर कळतं.

पूर्वी दारात बैल होते. तवसाचं देठाकडचं टोक कापायचं आणि बैलापुढं धरायचं. त्या दिवशी बैलाचा मान देवाच्या बरोबरीचा, त्यानं नवं खाल्लेलं चालतं. कडू असलं की बैल तोंड फिरवतो. त्यानं खाल्लं की आपण निवांत किसायला बसायचं. आता नांगरणीला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरला काय चारणार.

माझं लग्न होऊन दुसरी दिवाळी होती तेव्हाचं सांगते. सासूच्या माहेरी कुणी वारलं होतं म्हणून ती तिकडं. सावेली माझ्यावर आली. बैल रानातून यायला उशीर झाला. मी वाट बघितली, बघितली, मग ऊन उतरायला लागलं म्हणून घेतलं किसायला. म्हटलं, आपल्याच वेलीचं आहे, काय होतंय. तेव्हाच्या भगतानं तुकडा तोंडात घातला आणि थुंकला.

माझा पहिला मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. आठ दिवसांनी त्याला जुलाब लागले. तेव्हा आमच्याकडनं तलासरीला गाडी नव्हती. नवऱ्यानं त्याला फडक्यात बांधला आणि चालत निघाला, मी मागं. ओढा ओलांडला तेव्हा तो रडत होता. दवाखान्याच्या पायरीवर पोचलो तेव्हा नव्हता.

पाड्यात म्हणाले, हिचा हात कडू. देवाला कडू खाऊ घातलं, देवानं घेतलं. पहिल्यांदा हे कोण बोललं ते मला माहीत आहे. माझी मोठी जाऊ. आमच्या शेजारीच तिचं घर, आजही आहे.

सासू मला तोंडानं कधी बोलली नाय. पण त्याच्यानंतर तिनं मला पिठाला हात लावू दिला नाय. पानं मी आणायची, पाणी मी आणायचं, चूल मी फुंकायची, कालवायचं नाय. कुणाच्या घरी लग्न असलं तर बाया तांदूळ पाखडायला एकमेकींना हाका मारत जायच्या, माझ्या दारावरनं हाक पुढं जायची. पुढं मला एक मुलगा झाला, जगला, मोठा झाला, तरी ते नाव गेलं नाय. मग सासूचे हात गेले, कालवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तोप माझ्याकडं आला. मला कुणी दिला नाय. उरला.

इतकी वर्षं मी सावेली केली. एकदाही कडू निघाली नाय. पण भगत तुकडा उचलतो तेव्हा माझे पाय अजून गार पडतात.

आता गेल्या दिवाळीचं. माझा मुलगा डहाणूला फुग्याच्या कंपनीत होता. तिथंच त्याला ही पोरगी भेटली, सरावलीची. लग्न करून आणली. शिकलेली आहे, बारावीपर्यंत. कामाला वाघीण. पण बाहेरची ती बाहेरची, पाड्यातल्या बाया तिच्याशी बोलताना अजून आवाज बदलतात. तिला एक मुलगी, माझी नात, चार वर्षांची. माझे हात दोन वर्षांपासून कापतात. चहाची कपबशी वाजते. म्हणून गेल्या बारशीला मी सुनेला म्हटलं, आता तू कर, मी जवळ बसून सांगते.

त्यात नातीला ताप. चार दिवस झाले होते. त्या वर्षी पाऊस जाता जात नव्हता, जिथं तिथं डबकी, घरोघरी तापाची माणसं. तलासरीला नेऊन सुई दिली, रक्त तपासायला दिलं, ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. बारशीच्या सकाळी मुलगा रक्ताचा कागद आणायला तलासरीला गेला. पोरगी आतल्या खोलीत खाटेवर, डोळे मिटून. सून किसणीवर तवसं ओढत होती आणि दर थोड्या वेळानं उठून पोरीच्या कपाळाला हात लावून येत होती.

मोठी जाऊ येऊन उंबऱ्यावर बसली. तिला आता गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाय, उंबरा तिच्या मापाचा आहे.

"काय गो, सरावलीला बाफतात का सावेली? का दुकानातनं पेढे आणतात?"

"दोन्ही असतं काकी," सून म्हणाली. "पेढे पाहुण्यांना. सावेली घरच्यांना."

"म्हणजे पाहुणेच खूश."

"तुम्ही या ना एकदा, दोन्ही देईन."

जाऊ हसली. मग खोलीकडं बघून तिनं मला विचारलं, "पोरीचं काय?"

"कागद यायचाय."

"हं." मग म्हणाली, "बारशीच्या दिवशी घरात आजारी माणूस. आज तरी नीट गोड व्हायला पाहिजे बाय." हे ती सुनेकडं बघून बोलली, माझ्याकडं नाय. मग उंबऱ्याला धरून उठली आणि शेळ्या बघायला गेली.

सुनेनं मला विचारलं, "असं का म्हणाल्या त्या?"

मी म्हटलं, "बोलतात तशा. तू कालव."

तिला मी माझं जुनं कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मुलालासुद्धा मी माझ्या तोंडानं सांगितलेलं नाय.

सुनेनं पीठ घातलं, गूळ फोडून घातला, कालवून तोप झाकला. मग पोरीनं हाक मारली म्हणून आत गेली. मी म्हटलं तोवर साली गोळा करू. साली एका टोपलीत पडल्या होत्या. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय, म्हणून मी बोटांनी जास्त बघते. दोन तवशांच्या साली माझ्या ओळखीच्या, मांडवावरच्या वेलीच्या, जाड आणि गुळगुळीत. तिसरी हाताला लागली ती पातळ होती, खरखरीत. त्या तवशाचं टोकही तिथंच पडलं होतं, आखूड आणि मान आवळल्यासारखं.

उकिरड्यापाशी एक वेल आपसूक आली होती. पाखरानं कुठनं बी आणून टाकलं देव जाणे. असल्या वेलीला रानातल्या कडू वेलीचा वारा लागलेला असतो. मी ती उपटणार होते. आज उपटू, उद्या उपटू, तिला फुलं आली, मग एक तवसं धरलं, दिसायला देखणं. राहून गेलं. सुनेला काय माहीत कुठली वेल लावलेली आणि कुठली उगवलेली. तिनं पिकलेलं दिसलं ते तोडलं. मीच सांगितलं नाय.

तोपाचं झाकण काढून बसले. तीनही तवशी एकात एक झालेली. नाकाला काय कळत नाय, कडूला वास नसतो. बैल नाय. जाऊच्या शेळीला ते टोक न्यावं तर जाऊ विचारणार, आणि तिनं विचारलं की पाड्याला कळलं. न सांगता तसंच बाफावं तर संध्याकाळी भगताच्या तोंडात. आणि घरात पोर तापलेलं. काय होईल हे मला कुणी सांगायला नको होतं. मी ते सगळं आधी बघितलेलं होतं. फक्त या वेळी उंबऱ्यात हाकेची वाट बघत उभी राहणारी माझी सून असणार होती, आणि ती तर सरावलीची.

पण नसलं कडू तर? आपसूक आलेलं प्रत्येक कडूच असतं असं नाय. उगाच नवं पीठ नासायचं? सगळा नवा तांदूळ तेवढाच दळून आणला होता.

कळायला एकच वाट होती.

मी आयुष्यात देवाच्या आधी नवं खाल्लेलं नाय. लहान असताना, पोटात काय नसतानासुद्धा नाय. आत सून पोरीला म्हणत होती, "एक घोट, बाळा, एकच घोट." मी बोट घातलं आणि चाटलं.

गोड लागलं. मला वाटलं सुटले. मग जिभेच्या मागं, घशात, ते आलं. पन्नास वर्षांपूर्वी भगत का थुंकला ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण तेव्हाची सावेली मला कुणी खायलाच दिली नव्हती.

मी तोप दोन्ही हातांनी उचलला आणि चुलीकडं चालले आणि मध्येच सोडला. कापणारे हात असण्याचा तेवढा एक फायदा. सगळं जमिनीवर, मातीत, माझ्या लुगड्यावर.

सून धावत आली. तिनं आधी मला बघितलं, लागलं का म्हणून, मग खाली बघितलं. तिचे डोळे भरले. आवाज ऐकून जाऊ पण आली.

"हात गेले तुझे," जाऊ म्हणाली. "बसायचं होतं ना गप. सगळ्यात पुढं पुढं करायचं."

"हो," मी म्हटलं.

"आता काय नेणार दगडावर?"

"बघते."

"बघते काय बघते. डोळे तरी कुठं आहेत." ती गेली आणि परत आली तेव्हा तिच्या कडेवर तवसं होतं, तान्ह्या पोरासारखं धरलेलं. "शेळीनं टोक खाल्लंय ह्याचं. गोड आहे, सांगून ठेवते. मग नाव माझ्या वेलीला नको."

तांदूळ नव्हता. हळवं भात, लवकर पिकणारं, कापून पडवीत वाळत घातलं होतं, पावसानं अर्धं ओलंच. सुनेनं त्यातलं कोरडं निवडून काढलं आणि माळ्यावरनं मुसळ काढलं. तिनं कधी भात कांडलं नव्हतं. चार घाव उखळात, एक जमिनीवर. जाऊ उंबऱ्यावरनं शिकवत होती, "अगो, साप मारतेस का? मुसळ सोडायचं, ते आपलं आपण जातं खाली." मग मी पाखडलं, आणि पिठासाठी सुनेनं तिच्या माहेरचा मिक्सर काढला.

"मिक्सरचं देवाला चालतं?" जाऊनं विचारलं.

"वीज बिल भरलंय काकी," सून म्हणाली.

एवढ्या धावपळीत मी तोंड तीनदा धुतलं. ते कडू जाईना. माझ्या मनात एकच चालू होतं. सुनेला वाचवलं, पण खाल्लं मी. देवाच्या आधी खाल्लं. आणि कागद अजून आलेला नाय.

सुनेनं दुसऱ्यांदा कालवलं, पानांवर थापलं, पानं दुमडून तोपात रचली. तोप चुलीवर चढवला आणि फोन वाजला. मुलगा होता. पोरीच्या रक्तातल्या पेशी खाली गेल्यात, डॉक्टर म्हणतात डहाणूला मोठ्या दवाखान्यात आजच भरती करा, मी रिक्षा घेऊन येतो, तयार रहा.

सुनेनं फोन ठेवला. मग म्हणाली, "आई, सावेली?"

"मी बाफते. तू जा."

"तुमचे हात."

"बाफायला हात लागत नाय, लाकडं लागतात. जा."

रिक्षा आली. पोरीला गोधडीत गुंडाळून नेली. तिचे पाय तेवढे बाहेर दिसत होते, पिवळटलेले. मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "येतो आई." रिक्षा वळणापलीकडं गेली तशी मी चुलीपुढं येऊन बसले. माझी जीभ मला तोंडात परक्या माणसाची वाटत होती. मी देवाला म्हटलं, खाल्लं मी, तर बघ माझ्याकडं. मी इथं बसलेय. डहाणूला काय जातोस.

संध्याकाळी पान घेऊन एकटीच वेशीवर गेले. जाऊ माझ्या पुढं काठी टेकत चालली होती. भगत एकेका घरचं पान सोडत होता. आमचं आलं तेव्हा त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हणणार होते, मी. कडू निघालं तर माझं. माझ्या नावावर आणखी एकानं काय फरक पडणार होता. पण जाऊच मध्ये बोलली. "हिच्या सुनेनं. माझ्यादेखत कालवलंय."

सगळे बघायला लागले. भगतानं तुकडा देवापुढं ठेवला, एक तोंडात घातला, चावला. म्हातारा आहे, दात नायत, फार वेळ चावतो. गिळला. मग त्यानं दुसरा तुकडा मोडला आणि तोही खाल्ला, आणि पुढच्या घराचं पान घेतलं. बस. एवढंच असतं ते.

सुनेचं झालं. माझं राहिलं होतं.

चार दिवस पोरगी दवाखान्यात. मला फोन घेता येतो, लावता येत नाय. हिरवं दाबायचं एवढंच माहीत. म्हणून मी फोन ओट्यावर समोर ठेवून बसायची. वाजला की छातीत धस्स, नाय वाजला तर जास्त. पहिल्या दिवशी पेशी आणखी खाली. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. पाड्यात दिवाळी चालली होती, पोरं नाचत होती, बाया चवळी आणि कोनफळ बाफलेलं घेऊन येत होत्या. मी घेतलं, ठेवलं, खाल्लं नाय. तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला, पोरीनं बिस्कीट मागितलं. मी विचारलं, "मागितलं का तू दिलं?" ती म्हणाली, "मागितलं, आई. दोन खाल्ली." त्या दिवशी मी भात टाकला.

पोरगी घरी आली तेव्हा हाडं दिसत होती, पण तोंड सुरू झालं होतं. सलाईनच्या सुईला तिनं "ताई" नाव ठेवलं होतं. जाऊ बघायला आली. पोरीच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि सुनेला म्हणाली, "हात गोड आहे गो तुझा. देवानं घेतली सावेली, म्हणून पोर उठलं."

सून खूश झाली. लाजली पण. मी खूश व्हायला पाहिजे होतं, हेच तर मला हवं होतं, त्यासाठीच तो तोप सोडला होता. पण मला आतून काहीतरी चढलं. मी म्हटलं, "हाताचं काय नाय बाय. पोरीला ताप होता. डॉक्टरनं सलाईन लावलं, ताप उतरला."

जाऊ माझ्याकडं बघत राहिली. मी कधी तिला उलट बोलत नाय. सून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मला वाटलं आता जाऊ काहीतरी टोचून बोलेल. ती पदरानं गुडघा पुसत बसली, तिथं काय सांडलेलं नव्हतं.

मग म्हणाली, "तुझ्या वेळेला सलाईन नव्हतं."

मी म्हटलं, "नव्हतं."

"रिक्षा पण नव्हती."

"नाय."

मग ती शेळ्यांचं काहीतरी पुटपुटत उठली. मी तिला हात दिला, कापणारा, आणि तिनं तो धरून उंबरा ओलांडला. सुनेनं ती गेल्यावर विचारलं, काय झालं होतं तुमच्या वेळेला. तेव्हा मी तिला पहिल्या मुलाचं सांगितलं. फडक्याचं, ओढ्याचं, पायरीचं. तिनं हातातलं काम ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

चाखल्याचं सांगितलं नाय. ते अजून कुणालाच माहीत नाय. सलाईननं ताप उतरतो हे मीच बोलले, मला ते पटतंही. तरी पोरगी रात्री खोकली की मी उठून बसते, आणि जिभेच्या मागं ते कडू आहे का बघते. बारस पुन्हा जवळ आलीय. उकिरड्यापाशी यंदाही एक वेल उगवली. सून म्हणाली उपटू का, मी म्हटलं उपट, आणि ती उपटून टाकेपर्यंत मी तिथं उभी राहिले.